हवाई दलातल्या अधिकाऱ्याची कारकीर्द, फ्लाइंग ऑफिसर ते हवाई दल प्रमुख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. माझे काका हवाई दलात मालवाहू विमानांचे पायलट होते. त्यामुळे असेल, पण एनडीएचा निकाल लागला किंवा एखादा मराठी अधिकारी मोठ्या पदावर गेला की फोनवर प्रश्नांची रीघ लागते. विचारणारे कधी विद्यार्थी असतात, कधी आईवडील, तर कधी पेन्शनर आजोबा. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. वयोमर्यादा आणि पात्रतेच्या अटी बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात जरूर वाचा.

१. हवाई दलात अधिकाऱ्यांची पदं कोणती आणि क्रम काय?

खालून वर असा क्रम आहे: फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल आणि एअर चीफ मार्शल. या नऊ पायऱ्या झाल्या. एअर चीफ मार्शल हे पद हवाई दल प्रमुखाचं. दहावी पायरी 'मार्शल ऑफ द एअर फोर्स'ची, तिच्यासाठी प्रश्न १६ पाहा.

एअर कमोडोर आणि त्यावरच्यांना 'एअर ऑफिसर' म्हणतात. गाडीवरचे तारे इथून सुरू होतात: एअर कमोडोरला एक, एअर व्हाइस मार्शलला दोन, एअर मार्शलला तीन, प्रमुखाला चार. खांद्यावर मात्र तारे नसतात, पट्ट्या असतात. फ्लाइंग ऑफिसरची एक, ग्रुप कॅप्टनच्या चार, आणि एअर कमोडोरपासून एक रुंद पट्टी येते.

२. ग्रुप कॅप्टन म्हणजे लष्करातला कॅप्टनच ना?

नाही, आणि ही चूक बातम्यांमध्येही दिसते. लष्करातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा हवाई दलातला अधिकारी म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट. ग्रुप कॅप्टन हा लष्करातल्या कर्नलच्या आणि नौदलातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा. पाहुण्यांची ओळख करून देताना कुणी ग्रुप कॅप्टनला नुसतं 'कॅप्टनसाहेब' म्हटलं, तर नकळत त्यांना तीन पायऱ्या खाली उतरवल्यासारखं होतं.

३. बारावीनंतर जावं की पदवीनंतर? वरपर्यंत जायला कुठला रस्ता बरा?

बारावीनंतर एनडीए. हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित तिन्ही हवेत. खडकवासल्याला तीन वर्षं आणि मग हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या एअर फोर्स अकादमीत पुढचं प्रशिक्षण. पदवीनंतर सीडीएस किंवा एएफकॅट ही परीक्षा. लेखी परीक्षा कुठलीही असो, त्यानंतर निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असतेच.

खरा फरक कमिशनच्या, म्हणजे अधिकारी म्हणून होणाऱ्या नेमणुकीच्या, प्रकारात आहे, आणि फॉर्म भरताना मुलं नेमकं तेच वाचत नाहीत. एनडीए आणि सीडीएसमधून पर्मनंट कमिशन मिळतं. एएफकॅटमधून फ्लाइंग शाखेत शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं, म्हणजे १४ वर्षांची नोकरी, पुढे पेन्शन नाही. ग्राउंड ड्यूटी, म्हणजे विमान न उडवणाऱ्या, शाखांमध्ये आधी १० वर्षं आणि पुढे ४ वर्षांपर्यंत मुदतवाढ. तारे लागण्याइतकी लांब कारकीर्द हवी असेल तर पर्मनंट कमिशन लागतं. वयाचंही गणित आहे: विसाव्या-एकविसाव्या वर्षी कमिशन मिळालेल्याच्या हाताशी वरच्या पदांसाठी जास्त वर्षं उरतात.

तयारीसाठी सातारची सैनिक शाळा आणि छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट ही आपल्या राज्यातली जुनी नावं. सातारची शाळा २३ जून १९६१ ला सुरू झाली, ती देशातली पहिली सैनिक शाळा.

४. पायलटची चाचणी एकदा नापास झाली तर पुन्हा देता येते का?

नाही. मुलाखतीच्या ठिकाणी हवाई दलाची एक वेगळी चाचणी असते. आता ती संगणकावर, स्टिक, थ्रॉटल आणि पेडल वापरून होते. हात, पाय, डोळे आणि कान एकाच वेळी किती जुळतात हे तिच्यात पाहतात. ती आयुष्यात एकदाच. नापास झालात तर फ्लाइंग शाखेचं दार बंद होतं, पण ग्राउंड ड्यूटीच्या तांत्रिक आणि बिगरतांत्रिक शाखा खुल्या राहतात.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की 'बघू तरी कशी असते' म्हणून या चाचणीला जाऊ नका. सूचना वाचण्याची सवय करा, झोप पुरी करून जा.

५. बढती ठरावीक वर्षांनी मिळते की निवडीने?

विंग कमांडरपर्यंत वर्षांनी. कमिशननंतर २ वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, ६ वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, १३ वर्षांनी विंग कमांडर. अर्थात परीक्षा, वैद्यकीय दर्जा आणि चांगले अहवाल या अटी सांभाळूनच. ही वर्षं पूर्वी जास्त होती. अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनंतर २००४ च्या अखेरीपासून ती कमी झाली.

ग्रुप कॅप्टनपासून पुढे मात्र निवड मंडळ बसतं. त्याच्यासमोर वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल, केलेली कामं आणि प्रशिक्षणातले निकाल असतात. जागा मोजक्या असतात, उमेदवार चांगलेच असतात, आणि दर पायरीला त्यातले बरेच जण मागे राहतात. निवड न झालेल्याला २६ वर्षांच्या सेवेनंतर 'टाइम स्केल' ग्रुप कॅप्टन हे पद मिळू शकतं. त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या निवडीने झालेल्या ग्रुप कॅप्टनसारख्याच दिसतात.

एका आईने मला विचारलं होतं, "मुलगा विंग कमांडर म्हणूनच निवृत्त झाला, त्याचं काही चुकलं का?" काही चुकलं नाही. सुळका निमुळता असतो एवढंच. विंग कमांडर म्हणजे हवाई दलाचं रोजचं उड्डाण ज्यांच्या जिवावर चालतं तो अधिकारी.

६. मोठा अधिकारी झाला तरी विमान उडवतो का?

हा माझ्या सगळ्यात जवळचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

पहिली दहा-बारा वर्षं पायलट स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, असतो. सकाळी हवामानाची ब्रीफिंग, मग उड्डाण, मग उतरल्यावर झालेल्या चुकांची चिरफाड. या डीब्रीफिंगमध्ये कनिष्ठानेही वरिष्ठाची चूक दाखवायची पद्धत आहे. मग तो फ्लाइट कमांडर होतो, आणि पुढे विंग कमांडर किंवा ग्रुप कॅप्टन झाल्यावर स्क्वाड्रनचा कमांडिंग ऑफिसर. तिथवर विमान रोजचं. त्यानंतर दिल्लीच्या वायु भवनात किंवा एखाद्या कमांडच्या (विभागाच्या) मुख्यालयात टेबल येतं. मधे तळाचा प्रमुख म्हणून पुन्हा उडायला मिळतं आणि परत टेबल. कारकीर्द जसजशी वर जाते, तसतसं विमान लांब जातं.

काकांचं लॉगबुक माझ्याकडे आहे. प्रत्येक उड्डाणाला एक ओळ: तारीख, विमान, कुठून कुठे, किती तास. सुरुवातीची पानं गच्च भरलेली, महिन्याला दोन-दोन पानं. लडाखमधल्या लेह आणि थोईसची नावं इतक्या वेळा आली आहेत की पुढे पुढे त्यांनी फक्त आद्याक्षरं लिहिली आहेत. शेवटच्या वर्षाचं अख्खं पान मात्र जवळजवळ कोरं. त्यावर पाच ओळी आहेत, आणि त्या पाचही त्यांनी सावकाश, पूर्ण नावांनिशी लिहिल्या आहेत.

मोठ्या नावांचा हिशेबही तसाच. विवेक राम चौधरी प्रमुख झाले तेव्हा त्यांच्या नावावर ३,८०० तासांहून जास्त उड्डाण होतं: मिग-२१, मिग-२३, मिग-२९, सुखोई-३०. जवळपास ३९ वर्षांत हे तास वाटले तर वर्षाला शंभराच्या आसपास येतात. खरं तर ते असे सारखे वाटलेले नसतात, बहुतेक पहिल्या अर्ध्या कारकिर्दीतले असतात. उत्तरार्धातलं काम माणसं, पैसा, सुटे भाग आणि योजना यांचं असतं. ज्याला त्या कामाचा मनापासून कंटाळा आहे, त्याने वर जायची घाई करू नये असं माझं मत आहे.

७. मग वर जाणाऱ्यांना कुठले अभ्यासक्रम करावे लागतात?

पायलट आधी आपल्या कामात प्रावीण्य मिळवतो. कुणी तांबरमच्या शाळेतून प्रशिक्षक होतो, कुणी बंगळुरूत चाचणी वैमानिक, तर निवडक फायटर पायलट ग्वाल्हेरच्या 'टॅकडी'त लढाऊ डावपेच शिकतात. मग निलगिरीतल्या वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज. त्याची प्रवेश परीक्षा चुरशीची असते आणि तिन्ही दलांचे अधिकारी तिथे एकत्र शिकतात. पुढे सिकंदराबादचं कॉलेज ऑफ एअर वॉरफेअर आणि एअर कमोडोरच्या सुमारास दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज.

वेलिंग्टन झालं म्हणजे बढती पक्की, असं काही नाही. पण निवड मंडळापुढे (प्रश्न ५) त्याचं वजन पडतं.

८. हवाई दल प्रमुख फायटर पायलटच होतो का?

जवळजवळ नेहमीच. ठळक अपवाद फली होमी मेजर यांचा. ते हेलिकॉप्टर पायलट होते आणि ३१ मार्च २००७ ते ३१ मे २००९ या काळात प्रमुख होते. मालवाहू विमानांचे पायलट आणि ग्राउंड ड्यूटी शाखांचे अधिकारी एअर मार्शलपर्यंत जातात. इंजिनिअर एअर मार्शल नागपूरच्या मेंटेनन्स कमांडचे प्रमुखही होतात. हवाई दलाच्या सात कमांडपैकी ही एक महाराष्ट्रात आहे, हे नागपूरकरांनाही सांगावं लागतं.

प्रमुखाची नेमणूक सरकार करतं. ज्येष्ठता बघितली जाते, पण ती कायद्याने बांधलेली नाही.

९. आजवर कुठले मराठी अधिकारी प्रमुख झाले?

हृषीकेश मुळगावकर, अनिल यशवंत टिपणीस, प्रदीप वसंत नाईक आणि विवेक राम चौधरी.

मुळगावकर १९७६ ते १९७८ प्रमुख होते. त्याआधी १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात विंग कमांडर असताना त्यांना महावीर चक्र मिळालं होतं. आज 'नोकरीची सोय' म्हणून हवाई दलाकडे बघणाऱ्या मुलांना मी त्यांचं नाव आधी सांगते.

टिपणीस ३१ डिसेंबर १९९८ ला प्रमुख झाले आणि पाच महिन्यांत कारगिल उभं राहिलं. २६ मे १९९९ ला 'ऑपरेशन सफेद सागर' सुरू झालं. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही ही अट होती, आणि इतक्या उंचीवर लढाऊ विमानांनी असा मारा करण्याचा अनुभव फारसा कुणालाच नव्हता. २८ मे ला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं आणि त्यानंतर हल्ल्यासाठी हेलिकॉप्टर वापरणं थांबवून डावपेच बदलले. २४ जूनला मिराज विमानांनी टायगर हिलवर लेझर-निर्देशित बॉम्ब टाकले, तेव्हा टिपणीस स्वतः दोन आसनी मिराजमध्ये बसून वर गेले होते. प्रश्न ६ चं उत्तर लिहिताना माझ्या मनात हाच प्रसंग होता. टेबलामागून उठून जाण्याचं एवढं मोठं कारण प्रमुखाला क्वचित मिळतं.

नाईक नागपूरचे आणि आमच्या सातारच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. १९६९ मध्ये कमिशन मिळालं आणि २००९ मध्ये प्रमुख झाले.

चौधरी यांचं मूळ गाव हस्तरा, तालुका हदगाव, जिल्हा नांदेड. २९ डिसेंबर १९८२ ला कमिशन, सियाचीनचं 'मेघदूत' आणि कारगिलचं 'सफेद सागर' या दोन्हींत सहभाग, पुढे दिल्लीच्या वेस्टर्न एअर कमांडचं प्रमुखपद, मग उपप्रमुख आणि ३० सप्टेंबर २०२१ ला प्रमुख.

१०. प्रमुखाची मुदत किती? कुणाला दोन वर्षं, कुणाला तीन, असं का?

नियम असा आहे: तीन वर्षं किंवा वयाची ६२ पूर्ण, यातलं जे आधी येईल ते. निवृत्ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी.

वरच्याच नावांवर ताडून पाहा. टिपणीस प्रमुख झाले तेव्हा ५८ वर्षांचे होते, त्यांची तीन वर्षं आधी भरली. नाईक यांचा जन्म २२ जुलै १९४९ चा. ३१ मे २००९ ला पद मिळालं आणि जुलै २०११ मध्ये ६२ पूर्ण, म्हणून अवघी दोन वर्षं दोन महिने. चौधरी यांचा जन्म ४ सप्टेंबर १९६२ चा, म्हणजे ६२ भरली सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि तीन वर्षंही भरली ३० सप्टेंबर २०२४ लाच. दोन्ही अटी एकाच दिवशी.

आणखी चमत्कारिक उदाहरण राकेश कुमार सिंग भदौरिया यांचं. एअर मार्शलचं निवृत्तीचं वय ६०. ते ३० सप्टेंबर २०१९ ला उपप्रमुख म्हणून निवृत्त व्हायचे होते. त्याच दिवशी ते प्रमुख झाले, आणि मग ६२ वर्षांचा नियम त्यांना लागू झाला. प्रमुख होण्यात कर्तृत्वाइतकाच जन्मतारखेचाही वाटा असतो, ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक असते.

११. बाकीच्यांचं निवृत्तीचं वय काय?

ते पद आणि शाखा यांवर ठरतं, एकच आकडा नाही. अडचणीचं प्रकरण होतं टाइम स्केल ग्रुप कॅप्टनचं. पट्ट्या त्याच, पण त्यांना ५४ व्या वर्षी घरी जावं लागे, तर निवडीने झालेले ग्रुप कॅप्टन ५७ पर्यंत राहत. काही अधिकारी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा भेद रद्द केला. एकाच पदाच्या दोन माणसांना दोन वयं लावता येत नाहीत, हे मला तरी अगदी सरळ वाटतं.

१२. पगार किती?

सातव्या वेतन आयोगानुसार फ्लाइंग ऑफिसरचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं. कमांडप्रमुखाचं २,२५,००० आणि हवाई दल प्रमुखाचं २,५०,००० रुपये. याशिवाय एअर कमोडोरपर्यंत दरमहा १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे मिळतो. एअर व्हाइस मार्शल झालं की तो बंद होतो. पायलटला उड्डाणभत्ता वेगळा.

१३. शौर्यपदक मिळालं की बढती मिळते का? आणि नावापुढे पीव्हीएसएम, एडीसी अशी अक्षरं का?

दोन्ही गोष्टी वेगळ्या. अभिनंदन वर्धमान यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये वीर चक्र प्रदान झालं आणि त्याच महिन्यात त्यांच्या ग्रुप कॅप्टनपदाची बातमीही आली, त्यामुळे अनेकांना एकामुळे दुसरं मिळालं असं वाटलं. पण बढती प्रश्न ५ च्या रीतीनेच होते.

वीर चक्र, वायुसेना पदक ही शौर्याची पदकं (वायुसेना पदक कर्तव्यनिष्ठेसाठीही मिळतं). परम (तेच पीव्हीएसएम), अति आणि नुसतं विशिष्ट सेवा पदक ही दीर्घ, उत्तम सेवेची. एडीसी हे पदक नाही. प्रमुख आणि कमांडप्रमुख हे राष्ट्रपतींचे मानद एडीसी (सहायक अधिकारी) असतात, त्याची ती अक्षरं.

१४. मुलींना कुठपर्यंत जाता येतं? आणि डॉक्टरांना?

दोन्हींचं उत्तर एकत्र देते, कारण सगळ्यात वरची पदं आधी महिला डॉक्टरांनीच गाठली. पद्मा बंदोपाध्याय हवाई दलाच्या पहिल्या महिला एअर मार्शल. पुण्याच्या एएफएमसीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या, साधना सक्सेना नायर एअर मार्शल होत्या आणि १ ऑगस्ट २०२४ ला लेफ्टनंट जनरल म्हणून लष्कराच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एक असल्यामुळे डॉक्टरांचा गणवेश असा बदलू शकतो. बाकी शाखांत हे होत नाही.

फायटर पायलट म्हणून पहिल्या तिघी १८ जून २०१६ ला दुंडीगलहून बाहेर पडल्या: अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. वर्षांचा हिशेब तुम्हीच करा: प्रश्न ९ मधल्या चौधरींना कमिशनपासून प्रमुखपदापर्यंत जवळपास ३९ वर्षं लागली. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुली हे गणित फळ्यावर आधीच मांडून मोकळ्या होतात.

१५. सचिन तेंडुलकर ग्रुप कॅप्टन कसा? आणि वॉरंट ऑफिसर हा 'अधिकारी' का?

सचिनला २०१० मध्ये हे पद मानद म्हणून दिलं. गणवेश खरा, पण अधिकार आणि पगार नाही, आणि बढतीच्या रांगेशीही संबंध नाही.

वॉरंट ऑफिसर हे वायुसैनिकांमधलं ज्येष्ठ पद आहे, कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याचं नाही. सेवेत असलेल्या वायुसैनिकाला परीक्षा आणि निवड मंडळातून अधिकारी होता येतं. माझ्या मते ही वाट सगळ्यात खडतर आहे, कारण दिवसभराची ड्यूटी करून रात्री अभ्यास करावा लागतो.

१६. मार्शल ऑफ द एअर फोर्स निवृत्त होत नाही म्हणजे नक्की काय?

हे पंचतारांकित पद आजवर एकट्या अर्जन सिंग यांना मिळालं, २००२ मध्ये. १९६४ ते १९६९ ते प्रमुख होते, आणि प्रमुखाचं पद एअर चीफ मार्शलचं झालं तेही त्यांच्याच काळात, १९६६ मध्ये. त्याआधी प्रमुख एअर मार्शल असायचे. या पदाचा माणूस नोंदवहीत हयातभर सेवेत असतो. त्याच्या नावापुढे 'निवृत्त' लिहायचं नाही, आणि समारंभाला तो गणवेशात येऊ शकतो.

२८ जुलै २०१५ ला अब्दुल कलामांचं पार्थिव दिल्लीच्या पालम विमानतळावर आणलं, तेव्हा ९६ वर्षांचे अर्जन सिंग व्हीलचेअरवर आले होते. शवपेटीसमोर पोचल्यावर ते खुर्चीतून उठले, उभे राहिले आणि त्यांनी सॅल्यूट केला.